नाव खोडलं, तरी ओळखलं!

दोस्तांनो, समजा उद्या तुमच्या वर्गात बाई म्हणाल्या, "प्रत्येकाने एकेक चिठ्ठी लिहा. शाळेतली कोणती गोष्ट आवडत नाही ते खरं खरं लिहा. नाव अजिबात लिहू नका." तुम्ही एकदम खूश! मनात साचलेलं सगळं भराभरा लिहून टाकता. पाण्याचा गळका नळ, तिसऱ्या मजल्यावरची घाण, मधल्या सुट्टीत दादागिरी करणारा तो अमुक. चिठ्ठ्या गोळा होतात आणि तेवढ्यात शेजारची मैत्रीण कानात कुजबुजते, "अगं, हिरव्या शाईचं पेन वर्गात तुझ्या एकटीकडेच आहे ना?"

झालं! नाव नाही, गाव नाही, तरी चिठ्ठी कोणाची ते पहिल्याच मिनिटाला उघड!

आता गंमत बघा. हिरव्या शाईत तसं काही वाईट नाही. ती वर्गात एकाच पेनात होती, म्हणून घोटाळा झाला. चाळीसच्या चाळीस मुलांच्या पेनात हिरवी शाई असती, तर? मग ती चिठ्ठी कोणाची हे शेरलॉक होम्सलाही सांगता आलं नसतं.

संगणकाच्या जगात माणसाची ओळख कशी झाकायची, यावर मोठमोठ्या हुशार माणसांनी गेली कित्येक वर्षं डोकं चालवलं आहे. त्यांच्या बऱ्याचशा युक्त्या या हिरव्या शाईच्या प्रश्नावरच बेतलेल्या आहेत. आज त्यातल्या तीन बघू. शेवटची तर तुम्हाला वर्गातच करून बघता येईल. साहित्य फक्त एक नाणं!

गव्हर्नरसाहेबांना चक्कर येते

गोष्ट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली. १८ मे १९९६ चा दिवस. तिथले गव्हर्नर विल्यम वेल्ड एका कॉलेजच्या पदवीदान समारंभाला गेले होते आणि तिथेच त्यांना चक्कर येऊन ते कोसळले. त्यांना दवाखान्यात नेलं. ते लवकरच बरे झाले, पण एवढा मोठा माणूस चारचौघांत पडला म्हटल्यावर बातमी सगळीकडे झाली.

त्याच सुमारास तिथल्या एका सरकारी संस्थेने राज्य कर्मचाऱ्यांच्या आजारपणाची माहिती संशोधकांसाठी खुली केली होती. कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे १ लाख ३५ हजार माणसं. कोण कधी दवाखान्यात गेलं, काय आजार निघाला, कोणती औषधं दिली, सगळं त्यात. हेतू चांगला होता. अशा माहितीतून कोणता आजार कुठे वाढतोय ते कळतं. शिवाय काळजीही घेतली होती: नावं काढली, पत्ते काढले. लोकांनाही सांगितलं, घाबरू नका, तुमचं गुपित सुरक्षित आहे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमध्ये तेव्हा लटान्या स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी संगणकशास्त्र शिकत होती. तिला हे काही पटेना. नावं गेली खरी, पण तीन गोष्टी यादीत तशाच होत्या. जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि पोस्टाचा पिनकोड (तिकडे त्याला झिपकोड म्हणतात). गव्हर्नरसाहेब केंब्रिज गावात राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वीनीने २० डॉलर मोजून त्या गावाची मतदारयादी विकत घेतली. सुमारे ५४ हजार नावं. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, झिपकोड सगळं छापलेलं!

मग तिने दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. गव्हर्नरांच्या जन्मतारखेची माणसं मतदारयादीत फक्त सहा. त्यांतले पुरुष तीन. आणि त्यांच्या झिपकोडमध्ये राहणारा? एकच!

बिननावाच्या यादीतली ती ओळ गव्हर्नरांची होती. त्यांचा आजार, त्यांची औषधं, सगळं समोर. (पुढे काही तज्ज्ञांनी शंका काढली की मतदारयादीत गावातला प्रत्येक माणूस नसतो, तेव्हा स्वीनीला थोडी नशिबाचीही साथ मिळाली. शंका रास्त आहे. पण म्हणून काही कोणाला आपल्या आजाराची यादी रस्त्यावर टाकावीशी वाटणार नाही!)

स्वीनी तिथेच थांबली नाही. अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेचे आकडे घेऊन तिने हिशेब केला. तिथल्या १०० पैकी ८७ माणसांना या तीन गोष्टींवरून एकटं पाडता येतं, असा तिचा निष्कर्ष होता. २००६ साली दुसऱ्या एका संशोधकाने तोच हिशेब नव्याने केला, तर आकडा ६३ आला. ८७ म्हणा की ६३ म्हणा, निम्म्याहून जास्त देश तीन फुटकळ गोष्टींवरून सापडतो!

तुमच्या शाळेचं गणित

असं कसं होतं? पाटी-पेन्सिल घ्या.

तुमच्या शाळेत पाचवी ते दहावी मिळून १००० मुलं-मुली आहेत असं धरू. सहा वर्षांतल्या कुठल्या तरी दिवशी प्रत्येकाचा जन्म झालेला. सहा वर्षं गुणिले ३६५ दिवस म्हणजे २१९० तारखा. प्रत्येक तारखेला एक मुलांचा खण आणि एक मुलींचा खण. झाले ४३८० खण. आता या ४३८० खणांत १००० जणांना बसवा. खण ढीगभर, मुलं थोडी! बहुतेक जण आपापल्या खणात एकटेच. नीट गणित मांडलं तर दहांतली जवळजवळ आठ मुलं एकटी निघतात. म्हणजे शाळेचं नाव, जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी एवढं सांगितलं की तुमचं नाव सांगितल्यासारखंच!

वाढदिवस काही गुपित नसतो. केक कापतो, फोटो काढतो, अख्ख्या सोसायटीला चॉकलेटं वाटतो. पत्ताही गुपित नाही. एकेक गोष्ट सुटी असते तेव्हा ती अगदी साधीभोळी असते. तिघी एकत्र आल्या की त्या हिरवी शाई होतात.

मग उपाय काय? स्वीनी आणि पियरान्जेला समाराती या इटालियन संशोधक बाईंनी १९९८ साली एक उपाय मांडला. खण मोठे करा! पूर्ण जन्मतारीख कशाला, नुसतं वर्ष लिहा. पूर्ण पिनकोड कशाला, पुढचे तीनच आकडे ठेवा. उदाहरणार्थ, ४११०३० म्हणजे पुण्याची सदाशिव पेठ. पण ४११ एवढंच लिहिलं तर? अख्खं पुणं त्यात आलं! आता त्या वर्षी जन्मलेल्या पुण्यातल्या हजारो जणांपैकी तुम्ही कोण, शोधत बसा.

(आता पिनकोडचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्याची कल्पना एका मराठी माणसाची, श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतात कविता लिहायचे! पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, मग एकेक आकड्याने आपण गावाजवळ, पेठेजवळ येत जातो. म्हणूनच शेवटचे आकडे झाकले की माणूस पुन्हा गर्दीत जातो.)

नियम असा ठरला: प्रत्येक खणात निदान अमुक इतकी माणसं हवीतच. पाच म्हणा, दहा म्हणा. त्याहून कमी असतील तर खण आणखी मोठा करा.

छान आहे ना? पण हुशार वाचकांनी एक भोक एव्हाना पाहिलं असेल. खणात दहा माणसं आहेत आणि दहाच्या दहा जणांना एकच आजार आहे. मग तुम्ही त्यांतले कोणते हे कळलं नाही तरी काय फरक पडतो? आजार तर कळलाच! तेव्हा खण मोठा असून भागत नाही, आतली माणसंही वेगवेगळी लागतात. आणि फारच पुसट केलं की डॉक्टरांच्याही उपयोगाचं काही उरत नाही. या कामात अशी ओढाताण कायमची आहे.

"आपण काय चोर आहोत?"

इथे कोणी तरी म्हणणारच. बहुधा घरातले मोठेच. "आपण काही चोरी करत नाही, मग लपवायचं कशाला?"

याचं उत्तर म्हणून एक खरी आणि दुःखाची गोष्ट सांगतो. १९४० साली अमेरिकेत जनगणना झाली. लोकांनी विश्वासाने दारात आलेल्या माणसाला आपली माहिती दिली. पुढच्या वर्षी, ७ डिसेंबर १९४१ ला, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. तिथे राहणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांवर सरकारचा संशय बसला. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. तिथेच जन्मलेले, तुमच्यासारखे शाळेत जाणारे. १९४२ साली सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरंदारं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत नेलं.

ही माणसं नेमकी कुठे राहतात हे लष्कराला कसं समजलं? जनगणना खात्याने मदत केली. कोणत्या शहरात, कोणत्या वस्तीत, रस्त्यांच्या कोणत्या चौकोनात जपानी वंशाची किती माणसं आहेत याचे तक्ते पुरवले. त्या तक्त्यांत एकही नाव नव्हतं, नुसते आकडे. पण तेवढे पुरले. १९८८ साली अमेरिकन सरकारने या लोकांची माफी मागितली, जिवंत असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर भरपाई दिली. २००० साली जनगणना खात्याच्या प्रमुखांनीही आपल्या खात्याच्या कामाबद्दल जाहीर माफी मागितली.

त्या लोकांनी काहीही लपवलेलं नव्हतं. लपवण्यासारखं काही नव्हतंच मुळी.

आपल्याकडे जनगणनेच्या १९४८ च्या कायद्यात घरोघरची माहिती गुप्त ठेवायची असं स्पष्ट लिहिलं आहे. कोर्टातही ती पुरावा म्हणून चालत नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा प्रत्येक भारतीयाचा मूलभूत हक्क आहे. आई-बाबांसाठी आणखी एक माहिती. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर आई-वडिलांची संमती घ्यायला हवी असं कलम आहे. तेव्हा मुलाने नवीन खेळ मोबाइलवर घेण्यासाठी तुमच्यापुढे फोन धरला, तर न वाचता "हो" दाबू नका. तो खेळ मुलाची जन्मतारीख कशाला मागतोय, हे जरा विचारा.

कांद्याच्या पापुद्र्यांची युक्ती

आतापर्यंत आपण याद्यांबद्दल बोललो. पण इंटरनेटवर आपण रोज काही ना काही शोधतो, विचारतो. त्याचं काय?

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन कंपनीने आपल्या सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी तीन महिन्यांत काय काय शोधलं, त्याची यादीच संशोधकांसाठी खुली करून टाकली. दोन कोटी शोध! नावं अर्थातच काढलेली. प्रत्येकाला नावाऐवजी एक नंबर. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यांतल्या एका नंबराची माणूस शोधून काढली. जॉर्जिया राज्यातल्या एक आजीबाई. कशा सापडल्या? त्यांनी आपल्या गावातले माळीकाम करणारे शोधले होते, आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती, आणि कुत्र्याच्या तक्रारी, बोटांना येणाऱ्या मुंग्या असलं कायकाय. एकेक शोध म्हणजे हिरव्या शाईचा एकेक ठिपका. ठिपके जोडले, चित्र तयार! यादी घाईघाईने मागे घेतली गेली, कंपनीच्या एका बड्या तंत्र-अधिकारी बाईंनी पद सोडलं. पण तोपर्यंत यादी जगभर पोचली होती.

यातला एक धडा असा की इंटरनेटवर प्रश्न विचारताना "कोण विचारतंय" हे सुटं करता आलं तर बरं. यावरची युक्ती त्याच्या खूप आधी, १९८१ साली, डेव्हिड चॉम नावाच्या तरुणाने लिहून ठेवली होती. तो तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकत होता. ती आपण आपल्या वर्गातच आणू.

सायलीला तन्मयला चिठ्ठी पाठवायची आहे. पण सायलीने तन्मयला चिठ्ठी पाठवली हे कोणालाच कळायला नको. मग ती काय करते? चिठ्ठी एका छोट्या डबीत घालते. डबीला फरहानचं कुलूप. ते फक्त फरहानच्या किल्लीने उघडतं. आत लिहिलंय, "ही तन्मयला दे." ती डबी रेश्माच्या डब्यात, त्याला रेश्माचं कुलूप. आत लिहिलंय, "हे फरहानला दे." तो डबा ओंकारच्या पेटीत, तिला ओंकारचं कुलूप. मग पेटी ओंकारकडे.

ओंकार पेटी उघडतो. त्याला कळतं की पेटी सायलीकडून आली आणि डबा रेश्माकडे द्यायचा. तन्मयचं नाव त्याच्या गावीही नाही. रेश्माला कळतं, डबा ओंकारकडून आला, डबी फरहानला जायची. तिला सायलीही माहीत नाही आणि तन्मयही नाही. फरहानला तन्मय माहीत आहे, पण हे मुळात कोणी धाडलं, ते नाही. तिघांपैकी एकालाही अथपासून इतिपर्यंत गोष्ट ठाऊक नाही! संगणकात डब्या नसतात, पण कुलपं असतात, आकड्यांची. कुलूप कोणालाही लावता येतं, उघडायची किल्ली मात्र एकाकडेच असते.

कांद्याचा एकेक पापुद्रा निघावा तशी ही कुलपं एकेक करून निघतात. म्हणून १९९० नंतरच्या दशकात वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ही कल्पना इंटरनेटवर चालवून पाहिली, तेव्हा तिला नावच पडलं "ओनियन राउटिंग", म्हणजे कांद्याची वाट! डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सिव्हर्सन हे तिघं ते काम करत होते. त्यातूनच २००२ साली "टॉर" नावाचं जाळं सुरू झालं. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्युसन हे त्याचे आणखी दोन जनक.

आणि आता खरी गंमत. नौदलाने आपली ही गुप्त वाट सगळ्या जगाला फुकट का वापरू दिली? विचार करा. या वाटेने फक्त नौदलाचीच माणसं ये-जा करत असती, तर पलीकडे उभा असलेला शत्रू काय म्हणाला असता? "या दारातून जो कोणी बाहेर येईल तो नौदलाचा!" पुन्हा हिरवी शाईच! म्हणून वाटेवर सगळे हवेत. पत्रकार, विद्यार्थी, दुकानदार, आजारपणाबद्दल गुपचूप वाचणारा कोणी, घरी छळ सोसणारी आणि मदत शोधणारी एखादी बाई. जितकी माणसं वेगवेगळी, तितकं प्रत्येकाला लपायला सोपं. त्या गर्दीत चोर-लबाडही शिरतात हे खरं आहे. त्यावर जगात पुष्कळ वाद चालतात, आणि पोलिसांची तक्रारही अगदी खोटी नाही.

चॉमच्या मूळ युक्तीत आणखी एक खुबी होती. त्याचा ओंकार पेटी आल्या आल्या डबा पुढे देत नसे. पुष्कळ पेट्या जमेपर्यंत थांबायचं, सगळे डबे एकाच मापाचे करायचे, उलटसुलट मिसळायचे आणि मग एकदम पुढे द्यायचे. म्हणजे खिडकीतून टक लावून बघणाऱ्यालाही कोणत्या पेटीतला डबा कोणता ते कळत नाही. टॉर मात्र थांबत नाही. थांबला तर एक पान उघडायला संध्याकाळ होईल! त्यामुळे दोन्ही टोकांवर एकाच वेळी नजर ठेवणारा कोणी असेल, तर तो वेळा जुळवून सायली आणि तन्मयची जोडी लावू शकतो. टॉर बनवणारे ही उणीव स्वतःच सांगतात. आणि हो, सायलीने चिठ्ठीखाली "तुझी मैत्रीण सायली" अशी सही केली, तर तीन काय, तीनशे कुलपांचाही उपयोग नाही!

नाणं खोटं बोलतं, आकडा खरं सांगतो

तिसरी युक्ती मला सगळ्यांत आवडते, कारण तिला संगणकही लागत नाही. १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने ती मांडली. त्याची अडचण अशी होती की लोकांना अवघड प्रश्न विचारला की ते उत्तर देत नाहीत, नाही तर सरळ थाप मारतात. त्याने एक फिरता बाण वापरला होता. पुढे तीच युक्ती नाण्यावर आली. ती बघा.

प्रश्न असा: "या वर्षी परीक्षेत कधी कॉपी केलीस का?" कोण कशाला खरं बोलेल! म्हणून नियम करायचा. प्रत्येकाने गुपचूप, कोणाला न दाखवता, नाणं दोनदा उडवायचं. पहिल्यांदा छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर खरं-खोटं विसरायचं आणि दुसऱ्या वेळी जे पडलं त्याप्रमाणे बोलायचं. छापा असेल तर "हो", काटा असेल तर "नाही".

आता प्रथमेश उभा राहून "हो" म्हणाला. बाई त्याला रागावतील? कशा रागावणार! प्रथमेश शांतपणे म्हणेल, "बाई, ते नाणं म्हणालं." आणि कदाचित ते खरंही असेल. प्रथमेशला आणि त्याच्या नाण्यालाच ठाऊक!

पण मग एवढा खटाटोप करून बाईंना काय मिळालं? इथेच जादू आहे. वर्गात ४० मुलं. पहिल्या वेळी सुमारे २० जणांचा काटा पडणार. ही मुलं नाण्याच्या तालावर बोलणार, त्यांतली साधारण १० "हो" म्हणणार. समजा एकूण १६ "हो" आले. त्यांतून नाण्याचे १० वजा करा. उरले ६. हे ६ खरं बोलणाऱ्या २० मुलांमधले. वीसांत सहा म्हणजे १०० त ३०. तेव्हा ४० च्या वर्गात सुमारे १२ मुलांनी कॉपी केली असावी! एकाही मुलाचं गुपित फुटलं नाही आणि वर्गाची खरी अवस्था बाईंना कळली. मग बाई कोणाला शिक्षा न करता, एवढी मुलं कॉपी का करतात, पेपर फार लांब असतो की गणित समजतच नाही, यावर बोलू शकतात.

हीच कल्पना २००६ साली सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि ॲडम स्मिथ या चौघांनी पक्क्या गणितात बसवली. तिचं नाव "डिफरन्शियल प्रायव्हसी". नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. उत्तरात मुद्दाम एवढीच गडबड मिसळायची की तुम्ही यादीत असा किंवा नसा, शेवटचा आकडा जवळजवळ तसाच दिसावा. तुमच्यामुळे आकडा हलत नसेल, तर आकड्यावरून तुम्हाला कोण पकडणार? २०१४ साली गुगलने आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये अशी नाणी उडवून पाहिली. लोक कोणते इमोजी जास्त वापरतात हे ॲपलने याच तऱ्हेने शोधलं.

आणि ज्या जनगणना खात्याला २००० साली माफी मागावी लागली होती, त्या अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०२० च्या जनगणनेचे तपशील छापताना हीच युक्ती वापरली. प्रत्येक राज्याची एकूण लोकसंख्या बरोब्बर दिली, पण खाली वस्त्या-वस्त्यांच्या आकड्यांत मोजूनमापून गडबड मिसळली. सगळ्यांना हे रुचलं नाही. अलाबामा राज्य तर २०२१ साली कोर्टात गेलं, पण तिथे त्यांचं काही चाललं नाही. छोट्या गावांचं म्हणणं मात्र विचार करण्यासारखं आहे. पन्नास माणसांच्या गावात पाचांचा फरक पडला तर तो फार मोठा असतो!

करून पाहायचं?

तुमच्या वर्गशिक्षकांना विचारून हा प्रयोग जरूर करा. प्रश्न कॉपीचाच हवा असं नाही. "गृहपाठ कधी दुसऱ्याकडून उतरवलास का?" हाही चालेल, किंवा "वर्गात कोणाची भीती वाटते का?" हा शेवटचा विचारलात तर उत्तर फळ्यावर नीट मांडा आणि बाईंना दाखवा. असल्या प्रश्नाला नाव घेऊन कोणी "हो" म्हणत नसतं.

दोन सूचना. नाणी दप्तराआड उडवा, आणि पहिल्या वेळी छापा पडला तरी दुसऱ्यांदा उडवाच. नाही तर ज्याने एकदाच उडवलं तो खरं बोलणारा, हे शेजाऱ्याला लगेच कळेल. आणि तोच प्रश्न रोज रोज विचारू नका. तीस दिवस तीस वेळा विचारलात तर नाण्याची गडबड आपोआप गळून पडते आणि प्रथमेश उघडा पडतो!

आकडा थोडा इकडे तिकडे झाला तर घाबरू नका. ४० जणांत १६ ऐवजी १३ किंवा १९ "हो" येणं अगदी सहज शक्य आहे, आणि मग बारांचे सहा किंवा अठरा होतात. ४००० मुलं असतील तर "हो"चा आकडा १६०० च्या आसपास तीसेकच हलेल. तेव्हा वर्गात पंधरा-वीसच मुलं असतील, तर शेजारच्या तुकडीलाही बोलवा.